होडी गेली, लाट राहिली : गर्दीच्या पाण्यात मासेमाराजवळून कसं जावं

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पालमसारख्या ठिकाणी होडी चालवण्याच्या रीतीवर व्याख्यान कशाला? उन्हाळ्यात जिथे पाण्याचीच वाट बघतात, तिथे लाटांची चर्चा कसली?

पण नकाशा समोर धरा. पालम तालुक्यात गोदावरी आहे. डिग्रसचा उच्च पातळी बंधारा याच तालुक्यात आहे, आणि त्याचं साठवलेलं पाणी खाली नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत जातं. नदीच्या मधोमध जांभूळबेट आहे. जांभळाच्या झाडांवरून नाव पडलेलं हे बेट पाहायला जायचं तर होडीत बसावं लागतं. तिथे पर्यटन वाढावं ही इथल्या लोकांची मागणी जुनीच आहे, आणि ती रास्तही आहे. त्याच पाण्यात जाळी टाकणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आली आहेत. काठावर गळ टाकून बसणारे हौशी वेगळे. म्हणजे पाणी एक आणि वापरणारे तीन: होडीवाला, जाळंवाला, गळवाला. चौथा एक आहे, त्याला तोंड नाही. तो म्हणजे बेटाचा मातीचा काठ. त्याच्याकडेही आपण येणारच आहोत.

आज आपण एवढंच समजून घेणार आहोत की इंजिनाची होडी मासेमाराजवळून जाते तेव्हा नेमकं काय होतं, आणि नावाड्याने काय केलं म्हणजे कुणाचं नुकसान होत नाही. यात थोडं भौतिकशास्त्र आहे, थोडा कायदा आहे आणि पुष्कळसा शेजारधर्म आहे. भौतिकशास्त्र आधी घेऊ, कारण ते कळलं की बाकीच्या रीती पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

लाट नावाड्याला दिसत नाही

होडी पुढे सरकते म्हणजे ती पाणी बाजूला ढकलते. ढकललेलं पाणी पुन्हा जागेवर येतं, पण एका झटक्यात येत नाही, वर-खाली हेलकावत येतं. तेच हेलकावे दोन्ही बाजूंना पसरत जातात आणि होडीच्या मागे पाचरीसारखा आकार तयार होतो. पाण्यावरून बदक पोहत गेलं तरी तशीच पाचर दिसते. लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने १८८७ साली याचं गणित मांडलं. खोल पाण्यात या पाचरीचा कोन साधारण ३९ अंशांचा असतो, आणि गंमत अशी की बदक असो की आगबोट, कोन जवळपास तोच राहतो. मध्यरेषेपासून एका बाजूला साडेएकोणीस अंश.

आता या कोनाचा व्यवहारात अर्थ बघा. एक मासेमार तराफ्यावर बसलाय. आपली होडी त्याच्यापासून ३० मीटर अंतरावरून, ताशी १० किलोमीटर वेगाने गेली. होडी त्याच्या अगदी समोर असते तेव्हा त्याच्याजवळचं पाणी शांतच असतं. पाचरीची कड त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा होडी ८५ मीटर पुढे गेलेली असते. त्यात अर्धा मिनिट जातो. म्हणजे ज्या क्षणी मासेमाराचा तराफा हलतो, त्या क्षणी नावाड्याची त्याच्याकडे पाठ असते. नावाडी मनात म्हणतो, ‘बघा, किती आरामात गेलो, काहीसुद्धा झालं नाही.’ मागे त्या माणसाची चहाची किटली पाण्यात गेलेली असते.

पाण्यावरच्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. एकाला वाटतं, हा उगीच ओरडतोय. दुसऱ्याला वाटतं, याने मुद्दाम केलं. दोघांनाही समोरच्याला काय दिसलं ते दिसलेलं नसतं. म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की मासेमाराला ओलांडल्यावर एकदा मागे वळून बघा. आपली लाट त्याच्याजवळ पोचली तेव्हा काय झालं, हे बघायची सवय लागली की अर्धं शिक्षण तिथेच होतं.

सगळ्यात वाईट वेग मधला

आता वेगाकडे येऊ. पुष्कळांचा समज असतो की वेग जितका जास्त तितकी लाट मोठी. हे अर्धंच खरं आहे. इंजिनाची छोटी होडी तीन प्रकारे चालते.

पहिला प्रकार म्हणजे संथ चाल. होडी पाण्यात नीट बसलेली असते, नाक खाली, शेपूटही सरळ. पाणी अलगद बाजूला होतं. लाट छोटी उठते.

दुसरा प्रकार म्हणजे रेस वाढवली की नाक वर उचलतं आणि मागची बाजू खाली बसते. होडी जणू पाण्यात नांगर धरून चालते. चढावर बैलगाडी ओढावी तशी ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि तिला चढता येत नाही. सगळ्यात मोठी लाट या वेळी उठते.

तिसरा प्रकार हलक्या, सपाट बुडाच्या, जोरदार इंजिनाच्या होड्यांचा. वेग आणखी वाढला की अशी होडी पाण्याच्या वर येऊन घसरत जाते. या वेळी लाट मधल्या प्रकारापेक्षा लहान असते, पण वेग इतका असतो की समोर माणूस, दोरी, जाळं काही आलं तर सावरायला वेळ उरत नाही. म्हणून गर्दीच्या पाण्यात हा प्रकार बादच समजायचा.

आता चूक कुठे होते ते बघा. भरधाव येणाऱ्या होडीवाल्याला समोर मासेमार दिसतो. तो चांगला माणूस असतो, म्हणून वेग कमी करतो. पण निम्माच करतो. तिसऱ्या प्रकारातून तो नेमका दुसऱ्या प्रकारात उतरतो. नाक वर, शेपूट खाली, आणि सगळ्यात मोठी लाट अगदी त्या माणसाच्या शेजारी सोडून देतो. वर हात हलवून रामराम घालतो! मासेमार चिडला की याला कळत नाही, अरे, मी तर रेस कमी केली होती. कमी केली होती, पण पुरी केली नव्हती.

किती कमी म्हणजे पुरी? त्याला एक सोपा हिशेब आहे. होडीचा पाण्यात बसलेला भाग पाच मीटर लांब असेल, तर साधारण ताशी १० किलोमीटरला तिने उठवलेल्या लाटेची लांबी होडीएवढीच होते आणि होडी तिच्यात अडकते. तोच वेग निम्म्यावर, ताशी ५ किलोमीटरवर आणला की लाटेची लांबी सव्वा मीटरच्या आसपास येते आणि उंची तर नावालाच राहते. माणूस काठावरून झपाझप चालतो तो वेग एवढाच असतो. म्हणून मीटर नसला, मोबाईल नसला तरी चालतं. काठावरून चालणारा माणूस आपल्या बरोबरीने राहू शकतो का, एवढं बघा. तो मागे पडत असेल तर आपण जोरात आहोत. आणखी दोन खुणा आहेत. होडीचं नाक वर दिसतंय का? आणि मागे पाण्यावर पांढरा फेस येतोय का? दोन्ही नसतील तर ठीक चाललंय.

लांबून गेलं की झालं, असं नाही

‘आम्ही तर लांबून जातो’ असं पुष्कळजण सांगतात. लांबून जावंच, पण त्यावर विसंबू नये. खोल आणि मोकळ्या पाण्यात पाचरीच्या कडेची लाट फार सावकाश मरते. तिची उंची निम्मी व्हायची तर अंतर आठपट लागतं. ५० मीटरवर जी लाट आहे ती निम्मी व्हायला ४०० मीटर हवेत. जांभूळबेटाच्या दोन्ही अंगांच्या पात्रांत ४०० मीटर आणायचे कुठून? उलट वेग निम्मा करणं नावाड्याच्या हातात आहे, त्याला नुसता अंगठा आणि बोटं हलवावी लागतात.

आणि लाटेचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो हेही लक्षात ठेवा. १० सेंटिमीटरच्या लाटेपेक्षा ३० सेंटिमीटरची लाट तिप्पट उंच असते, पण तिच्यातली शक्ती नऊपट असते. म्हणून ‘थोडी मोठी लाट होती, एवढं काय’ या म्हणण्याला अर्थ नाही.

उथळ पाण्याचं गणित आणखी वेगळं आहे, आणि ते आपल्याकडे फार कामाचं आहे. बंधाऱ्याचं पाणी वर्षभर एका पातळीवर नसतं. दारं उघडली, खाली पाणी सोडलं की पातळी उतरते. जिथे दिवाळीत चार मीटर पाणी होतं तिथे चैत्रात एक मीटर राहू शकतं. उथळ पाण्यात लाट एका ठरावीक वेगापेक्षा जोरात पळू शकत नाही. दोन मीटर पाण्यात ती मर्यादा ताशी १६ किलोमीटर, एक मीटर पाण्यात ताशी ११ किलोमीटरच्या आसपास. होडीचा वेग या मर्यादेजवळ गेला की लाटेला पुढे सटकायला जागा मिळत नाही. पाणी साचत जातं, लाट उंच आणि जड होते, होडीची मागची बाजू खाली बसते आणि पंखा तळाच्या दगडाला लागतो. म्हणजे भरल्या नदीत जो वेग चालून गेला, तोच वेग उतरलेल्या नदीत त्रास देतो. नावाड्याने ऋतू बघून वेग ठरवावा.

लाट लागते म्हणजे काय होतं

आता मासेमाराच्या बाजूने बघू. आपल्याकडच्या धरणांवर कितीतरी जण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे मारतात. फळी, थर्माकोल आणि दोरी, एवढाच संसार. त्यावर माणूस मांडी घालून बसतो आणि हातानेच वल्हवतो. अशा तराफ्याला पाण्यापासून उंची अशी नसतेच. लहान होडीचंही तसंच. काठ पाण्याच्या वर वीतभर असतो. मासे भरले, दोन माणसं बसली की तो आणखी खाली जातो. अशा होडीत एक लाट आत आली की तिचं वजन वाढतं, काठ आणखी खाली जातो, आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा सहज आत येते.

२१ मे २०२४ ला उजनी जलाशयात करमाळ्याच्या कुगाव आणि इंदापूरच्या कळाशी या गावांमध्ये ये-जा करणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तिथे लाट वाऱ्याची होती, इंजिनाची नव्हती. पण पाण्याला लाट कुणी उठवली याच्याशी घेणंदेणं नसतं. उघड्या, कमी उंचीच्या होडीला किती लाट सोसते, हे त्या संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

दुसरं जाळ्याचं. पाण्यात उभं सोडलेलं जाळं वरून दिसत नाही. दिसतात ते थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या. त्यांच्यावरून होडी गेली की पंख्यात जाळं गुंडाळतं. नावाडी चाकूने कापून मोकळा होतो. मासेमाराची कमाई जातेच, शिवाय तुटलेला तुकडा पाण्यात तसाच राहतो, आणि नायलॉन काही कुजत नाही. त्यात मासे, कासवं, पाणपक्षी अडकून मरत राहतात, कुणाच्याच ताटात न येता.

तिसरं माशांचं. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली बारीक हालचाल त्याला तिच्यातून कळते. शिवाय पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, सेकंदाला साधारण दीड किलोमीटर. मासेमार सांगतात की एकसुरी आवाजापेक्षा अचानक रेस वाढवल्याचा आवाज मासा जास्त धरतो. पहाटेपासून बसलेल्या माणसाच्या गळाजवळ मरळ किंवा वाम यायला लागते आणि आपण तिथेच रेस देतो. त्याचा दिवस आपण खाल्ला, आणि आपल्याला ते कळलंही नाही.

चौथं त्या बिनतोंडाच्या काठाचं. नदीतलं बेट गाळ-मातीवर उभं असतं. पूर वर्षातून काही दिवस येतो, पण होडीची लाट रोज येते. पाणी एका पातळीवर अडवलेलं असलं की ती लाट काठाच्या एकाच रेषेवर आपटते. खालची माती निघते, वर कपार तयार होते, आणि एक दिवस झाडाच्या मुळांसकट दरड खाली बसते. इटलीतल्या व्हेनिस शहरात तर होड्यांच्या लाटांनी इमारतींचे पाये खचतात म्हणून कालव्यांत वेगाची मर्यादा घातलेली आहे. दगडी पायाची ही गत, तर आपल्या मातीच्या बेटाची काय कथा? ज्या बेटासाठी पर्यटक येणार, तेच बेट पर्यटकांच्या होड्यांनी खाल्लं तर त्या धंद्याला काय म्हणायचं?

मग जायचं कसं

आता रीत सांगतो. लिहून घ्यायची असेल तर घ्या.

एक. वेग १०० मीटर आधी कमी करा. जवळ येऊन कमी केला तर मागची मोठी लाट आधीच निघालेली असते, ती त्याच्याकडे जाणारच. आणि एकदम रेस सोडू नका. एकदम थांबलेल्या होडीला तिचीच लाट मागून गाठते आणि मागच्या बाजूने पाणी आत येतं. हळूहळू उतरवा.

दोन. ओलांडून झाल्यावर पुढे १०० मीटर तसेच चला. मघाशी हिशेब केला ना, ३० मीटरवर लाट पोचते तेव्हा आपण ८५ मीटर पुढे असतो. ‘गेलो एकदाचा’ म्हणून त्याच्या शेजारीच रेस द्यायची नाही.

तीन. काठावर गळवाला असेल तर पलीकडच्या काठाकडून जा. त्याची तंगूस पाण्यात किती लांब गेली आहे ते आपल्याला दिसत नाही. तो मधल्या तराफ्यावर असेल तर त्याच्या पाठीमागून जा, गळ ज्या बाजूला टाकलाय त्या बाजूने नको.

चार. तरंगणाऱ्या बाटल्यांची ओळ दिसली की तिचं दुसरं टोक शोधा. दोन टोकं मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. टोकाच्या बाहेरून वळसा घाला. मासेमार आणि त्याची बाटली यांच्या मधून कधीच जाऊ नका, तिथेच दोरी असते.

पाच. जाळं ओढणं चालू असेल तर थांबा. त्या वेळी माणूस एका बाजूला झुकलेला असतो, दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि जाळ्याचं ओझं त्याला पाण्याकडेच ओढत असतं. त्याला फुटभर लाटही आडवं करू शकते. दोन-चार मिनिटं थांबण्याने कुणाचं काही अडत नाही.

सहा. विचारा. ही सगळ्यात सोपी रीत, आणि सगळ्यात आधी विसरली जाते. लांबूनच रेस कमी करून हाक मारायची, ‘मामा, कोण्या अंगानं जाऊ?’ तो हाताने दाखवेल. त्याचं जाळं कुठे आहे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? जाताना ‘काय लागलं का आज?’ एवढं विचारलं तरी नातं जुळतं. पुढच्या वेळी आपलं इंजिन बंद पडलं तर दोरी टाकायला तोच मामा येणार आहे.

मासेमारांकडूनही काही अपेक्षा

एका हाताने टाळी वाजत नाही. जाळं टाकणाऱ्यांनीही काही गोष्टी पाळायला हव्यात. अरुंद पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावून वाट बंद करू नये. जाळ्याच्या दोन्ही टोकांना लाल किंवा भगवं फडकं लावावं, पाण्याच्या रंगाची बाटली लांबून दिसत नाही. रात्री जाळ्यावर थांबायचं असेल तर बॅटरी जवळ ठेवावी. होडी लागते त्या घाटाच्या तोंडाशी गळ टाकून बसू नये, तिथे लहान मुलं उतरतात. आणि गळवाल्यांनी तुटलेली तंगूस काठावर टाकून जाऊ नये, ती गुरांच्या आणि पक्ष्यांच्या पायांत गुंतते.

कायदा काय म्हणतो

समुद्रावर यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ साली ठरलेले आणि १९७७ पासून लागू झालेले. त्यांतला १८ वा नियम सांगतो की इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने मासेमारीत गुंतलेल्या जहाजाला वाट द्यावी. कारण साधं आहे: ज्याच्या गळ्यात जाळं आहे त्याला चटकन वळता येत नाही. पण तेच नियम नवव्या कलमात मासेमारालाही बजावतात की अरुंद वाटेत तू दुसऱ्यांची वाट अडवायची नाहीस. बघा, दोन्ही बाजू धरल्या आहेत. हे नियम समुद्राचे, आणि समुद्राला जोडलेल्या, मोठी जहाजं जिथे येऊ शकतात अशा पाण्यांचे. पालमच्या गोदावरीत समुद्रातलं जहाज येत नाही, पण त्यामागचा न्याय इथेही तसाच लागू पडतो.

देशांतर्गत पाण्यासाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. इंजिनाच्या होडीची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याची पात्रता या गोष्टी त्यात येतात. आणि बेदरकारपणे होडी चालवून कुणाचा जीव धोक्यात घालणं हा सरळ गुन्हाच आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २८० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८२ मध्ये आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गर्दीच्या पाण्यात वेग काय करतो याचं उदाहरण फार जुनं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी होडीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. त्या धडकेत तेराहून जास्त माणसं गेली. एवढ्या मोठ्या समुद्रातही जागा कमी पडते. आपली नदी तर नदीच आहे.

पण कायद्याचा माणूस बेटाच्या प्रत्येक वळणावर उभा राहू शकत नाही. म्हणून गावाने स्वतःच काही ठरवावं असं आम्हाला वाटतं. बेटाभोवती आणि घाटाजवळ ‘चालण्याच्या वेगाने’ अशी पाटी लावावी, किलोमीटरचा आकडा नसला तरी चालेल. होड्यांनी बेटाला एकाच दिशेने वळसा घालावा, म्हणजे मासेमाराला लाट कुठून येणार हे आधीच माहीत असेल. पहाटेचे दोन-तीन तास जाळ्यांचे समजावेत, फेऱ्या त्यानंतर सुरू व्हाव्यात. यातलं काहीही खर्चाचं नाही. होड्या थोड्या आहेत तोवर या सवयी लागल्या तर लागतील. पन्नास होड्या झाल्यावर मग समित्या, भांडणं आणि पोलीस ठाणं.

श्रोत्यांचे प्रश्न

*पर्यटकच म्हणतात, जोरात घ्या. नाही घेतलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याच्या होडीत बसतात. मग काय करायचं?*

अडचण खरी आहे. यात पैशाची पद्धतही बघा. फेरीवर पैसे असले की नावाड्याला घाई होते, जितक्या फेऱ्या तितकी कमाई. तेच पैसे वेळेवर घेतले, अर्ध्या तासाचे इतके, तर घाईचं कारणच उरत नाही. संथ होडीत पक्षी जवळून दिसतात, फोटो हलत नाहीत, कपडे भिजत नाहीत, हेही बसणाऱ्याला सांगा. आणि हा नियम एकट्याने पाळला तर तो मागे पडतो, हे तुमचं बरोबर आहे. म्हणून सगळ्या नावाड्यांनी मिळून ठरवायचं.

*वल्ह्याच्या होडीला हे सगळं लागू आहे का?*

लाटेचा भाग फारसा नाही, वल्ह्याची होडी तेवढी लाट उठवत नाही. पण जाळ्यावरून न जाणं, गळाच्या बाजूने न जाणं, विचारून जाणं हे सगळ्यांनाच लागू. वल्हं तंगुशीत अडकलं की दोघांचाही खोळंबा.

*आम्ही तराफ्यावर असतो. कुणी ऐकलंच नाही आणि लाट आलीच, तर काय करावं?*

उभं राहू नका, बसा, आणि जमेल तितकं खाली बसा. तराफा लाटेला आडवा लागू देऊ नका, टोक किंवा कोपरा लाटेकडे तिरका करा. जाळं ओढत असाल तर क्षणभर सैल सोडा. दोरी मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायची सवय असेल तर ती आजच सोडा, कारण तराफा पलटला तर तीच दोरी खाली ओढते. आणि लाइफ जॅकेट घाला. गरम होतं, कामात अडचण होते, सगळं मान्य. पण पोहता येणारी माणसंही जाळ्यात गुंतून बुडतात, हे तुम्हा लोकांना आम्ही सांगायची गरज नाही.

वेळ संपत आली आहे, म्हणून थांबतो. जे नावाडी ऐकत असतील त्यांना एकच विनंती. उद्या होडी काढाल तेव्हा एखाद्या तराफ्याजवळून जाताना रेस पुरती उतरवा, ओलांडून पुढे जा, आणि मग मागे वळून त्या माणसाकडे बघा. तो आपल्या गळाकडेच बघत बसलेला दिसला, तर तुमचं बरोबर चाललंय.